बरं हाय, डॉक्टर

आमच्याकडे पेशंट डॉक्टरांना खरं सांगत नाही. त्यात लबाडी नसते, मान असतो. डॉक्टर राउंडला खाटेपाशी येतात, "काय, कसं काय?" म्हणतात, आणि सकाळपासून कण्हत असलेला माणूस उशीवरून मान उचलून, चेहरा नीट करून सांगतो, "बरं हाय, डॉक्टर." डॉक्टर पुढच्या खाटेकडे वळतात. ते दाराबाहेर गेले की तोच माणूस माझ्याकडे बघून हळूच बोट हलवतो. "ताई, कमरंत लई कळ मारती वो."

"मग आत्ता डॉक्टर समोर होते तेव्हा का नाही सांगितलं?"

"त्यांनी यवढं केलं. त्यांच्या तोंडावर कसं म्हनायचं?"

मंचरला हायवेलगतच्या एका हाडांच्या दवाखान्यात मी नोकरीला लागले, तेव्हा पहिल्या काही दिवसांतच हे माझ्या लक्षात आलं. त्यामागचं कारण कळायला बराच काळ गेला. इकडचा माणूस डॉक्टरची डिग्री विचारत नाही, हात विचारतो. अमक्याच्या हाताला गुण आहे, तमक्याच्या नाही. एकदा गुण आहे असं ठरलं की मग त्या डॉक्टरसमोर 'बरं नाही' म्हणणं म्हणजे त्याचा हात खोटा ठरवणं. आणि ज्याला तोंडावर खोटं ठरवलं, ज्याला राग आणला, त्याच्या हातचा गुण उतरतो, असंही लोक मानतात. म्हणून दुखणं डॉक्टरांच्या पाठीमागे नर्सला सांगायचं. नर्सच्या हाताला कोणी गुण मागत नाही.

पेशंटचं म्हणणं डॉक्टरांपर्यंत पोचवणं हे तुमचं काम, असं आम्हाला नर्सिंग कॉलेजात शिकवलं होतं. डॉक्टरांसमोर पेशंटच ते म्हणणं नाकारेल, हे शिकवलं नव्हतं. आणि मला तर साधं बोलताही येत नव्हतं.

माझं गाव अवसरी खुर्दच्या पुढे. गावात मराठी शाळा होती, पण मला इंग्लिश मीडियमच्या पिवळ्या बसमध्ये बसवण्यात आलं. त्या शाळेत कोणी मराठी बोलताना सापडलं की गळ्यात एक पुठ्ठा घालत. 'मी मराठी बोललो' असं त्यावर इंग्रजीत लिहिलेलं असे. दुसरं कोणी सापडेपर्यंत तो काढायचा नाही. त्यामुळे पुठ्ठेवालं पोर दिवसभर इतरांना चिमटे काढत फिरायचं, कारण चिमटा बसल्यावर 'आई गं' कोणी इंग्रजीत म्हणत नाही. एका मुलीने मलाही असाच चिमटा काढला आणि पुठ्ठा माझ्या गळ्यात आला. मला इंग्रजी वाचता येत होतं, लिहिता येत होतं, बोलता येत नव्हतं. मी सोपा मार्ग काढला. बोलणंच बंद केलं. पुठ्ठा माझ्या गळ्यात परत कधी आला नाही, आणि गॅदरिंगला मला शिस्तीचं बक्षीस मिळालं.

मुलाखतीत डॉक्टरांनी माझे कागद चाळले आणि त्यांचा चेहरा खुलला. "इंग्लिश मीडियम? थँक गॉड. इथे कोणाशी तरी नीट बोलता येईल आता."

"येस सर," मी म्हणाले. पुढचे कित्येक महिने मी त्यांच्याशी एवढंच बोलले.

डॉक्टर वाईट नव्हते, हे आधीच सांगते. हुशार होते, हात खरंच चांगला होता, गरीब पेशंटला वाटेला लावायचे नाहीत. पण त्यांना थांबणं माहीत नव्हतं. सकाळी मंचरची ओपीडी, दुपारी नारायणगावला दुसऱ्यांच्या दवाखान्यात ऑपरेशनं, संध्याकाळी पुन्हा इथे. राउंडला ते चालत नसत, पळत. मी कपड्यांच्या खोलीत चादरींच्या घड्या घालताना वाक्यं पाठ करायची. सर, पेशंट इज कम्प्लेनिंग ऑफ. सर, आय वॉन्टेड टू इन्फॉर्म यू. माझं वाक्य 'सर'पाशी असताना ते तिसऱ्या खाटेपाशी पोचलेले असत.

शिवाय आमच्या दोघांमध्ये मोठ्या सिस्टर होत्या. दवाखाना एका गाळ्यात होता तेव्हापासून त्या डॉक्टरांबरोबर होत्या. त्यांची पद्धत ठरलेली होती. डॉक्टरांना काय कळवायचं ते आधी त्यांना सांगायचं, मग कळवायचं की नाही ते त्या ठरवणार. काउंटरवरच्या फोनवरून डॉक्टरांना फोन लावायचा तोही त्यांनीच.

"तुला वाटतंय मी तुझं तोंड दाबते," त्या एकदा सुया मोजता मोजता म्हणाल्या. "आगं, मी तुला वाचवते. सरांचं डोकं एकदा फिरलं ना, दिवसभर सगळ्या पेशंटला भोगावं लागतं. तू आपली गप बस, तेच शोभतंय तुला. मॅडम इंग्लिश मीडियम."

ते नाव मग सगळ्या वॉर्डात झालं. झाडूवाल्या मावशीसुद्धा म्हणायच्या, "इंग्लिश मीडियम, पाय उचला."

एकदा मी धीर करून बोलले होते. खुब्याचं ऑपरेशन झालेले एक आजोबा सकाळपासून उलट्या करत होते. राउंडला डॉक्टर त्यांच्या खाटेपासून निघाले तेव्हा मी मागून म्हणाले, "सर, यांना व्हॉमिटिंग होतंय."

डॉक्टर वळले. "काय बाबा, उलट्या होतायत?"

"न्हाई बा," आजोबा म्हणाले. "कोन म्हनलं?"

डॉक्टरांनी माझ्याकडे बघितलं. "सिस्टर, पेशंट हे आहेत का तुम्ही?"

सगळे हसले. सर्वांत जास्त आजोबा हसले. डॉक्टर गेल्यावर ते मला म्हणाले, "ताई, वाटी द्या वो जरा. पुन्यांदा मळमळाय लागलंय."

मी वाटी दिली. त्या दिवसानंतर मी चादरींच्या घड्या नुसत्याच घालू लागले.

ती बाई आली ते उन्हाळ्याचे दिवस होते. आहुप्याच्या बाजूची होती, माझ्याहून दहाएक वर्षांनी मोठी असेल. त्या दिवसांत तिकडे बाळहिरडा, म्हणजे हिरड्याची कोवळी फळं, विकायला काढतात. ती हिरड्याच्या झाडावर चढली होती, फांदी मोडली. उजव्या हाताची मनगटाच्या वरची दोन्ही हाडं मोडली होती. घाटातून जीपने उतरेपर्यंत हात कोपरापासून सुजून चकाकत होता. सोबत तिचा दीर होता. तो मंचरच्या बाजारात कांद्याच्या गोण्या उचलायचा. पूर्वी त्याचा पाय आमच्या डॉक्टरांनीच जोडला होता, आणि तो पाय तो येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवत असे.

"ह्यो बघा. ह्या पायावर गोनी उचलतो मी. पुन्याच्या डॉक्टरनी सळई टाकाय सांगितली व्हती. ह्यांनी नुसत्या हातानं बसवला. देवाचा हात हाय, राव."

बाईचा हात बघून डॉक्टर म्हणाले, सूज आहे, आत्ता अर्धंच प्लास्टर बांधू, सूज उतरली की पूर्ण करू. दीर हात जोडून उभा राहिला. "न्हाई डॉक्टर, पक्कंच घाला. डोंगरातलं मानूस हाय. येष्टी येती दिवसाला येक. घडी घडी खाली कुठून आनू हिला?"

डॉक्टरांनी घड्याळ बघितलं. त्यांना नारायणगावला जायचं होतं. "बरं. पण आज इथे ठेवायचं, हात उंच टांगून," ते म्हणाले. भूल देऊन त्यांनी हाड बसवलं, आणि बोटांपासून दंडापर्यंत पूर्ण प्लास्टर घातलं. एक्स-रे सुरेख आला. दिराने तो उजेडाकडे धरून दवाखान्यात असलेल्या सगळ्यांना दाखवला.

भूल उतरली. मी तिची बोटं बघायला गेले. प्लास्टरमधून बाहेर आलेली ती पाच बोटं जाड, ताणलेली, थोडी निळसर दिसत होती. नख दाबून सोडलं की रंग लगेच परत यायला पाहिजे, तो रेंगाळत होता. मी तिचं मधलं बोट हलकेच सरळ केलं. ती ओरडली नाही. तिने दात आवळले आणि डोळ्यांतून पाणी आलं.

"दुखतंय का?"

तिने दाराकडे बघितलं. डॉक्टर नाहीत याची खात्री केली. "आतून फाटतंय वो. बोटास्नी मुंग्या येत्यात. आन हात जनू माझा न्हाईच."

कॉलेजात हे आम्हाला एका मॅडमने घोकवून घेतलं होतं. प्लास्टरच्या आत सूज वाढली आणि तिला जागा नसली, की आतल्या आत स्नायूंचा रक्तपुरवठा तुटतो. हाड मोडल्यापेक्षा जास्त दुखायला लागलं, बोट सरळ करताना जीव जायला लागला, की प्लास्टर कापायचं, वाट बघायची नाही. काही तास गेले की तो हात हात राहत नाही, बोटं आखडून पंजासारखी होतात. ही बाई त्या हाताने भाताची रोपं लावणार होती, हिरडा वेचणार होती, चूल पेटवणार होती.

मी मोठ्या सिस्टरकडे गेले. त्या म्हणाल्या, "नवीन प्लास्टर आहे, दुखणारच. इंजेक्शन दे." मी इंजेक्शन दिलं. त्याने काहीही फरक पडला नाही, तेही मी त्यांना सांगितलं. "तुझं काय चाललंय सकाळपासून," त्या म्हणाल्या.

निघण्याआधी डॉक्टर वॉर्डात डोकावले. मी दारातच उभी होते. वाक्य पाठ केलं होतं, मराठीत.

"सर, त्यांच्या बोटांना मुंग्या येतायत. खूप दुखतंय असं त्या म्हणाल्या."

डॉक्टर खाटेपाशी गेले. "काय ताई, मुंग्या येतात?"

ती बाई माझ्याकडे न बघता हसली. मी आजही ते हसू विसरलेले नाही. पाहुण्यासमोर घरातलं भांडण झाकताना बाया हसतात तसं होतं. "न्हाई डॉक्टर. बरं हाय. त्या ताई घाबरल्या असत्याल."

"बोटं हलवा बरं."

तिने हलवली. फक्त डॉक्टरांसाठी, कपाळावर घाम येईपर्यंत जोर लावून, तिने ती बोटं जराशी हलवली.

"व्हेरी गुड," डॉक्टर म्हणाले. दीर म्हणाला, "हात लागला का तुमचा, मग काय." जाता जाता डॉक्टर माझ्यापाशी क्षणभर थांबले. "रिलॅक्स, सिस्टर. टेक्स्टबुक रोज रोज येत नाही दवाखान्यात."

गाडी गेली. मी परत खाटेपाशी आले.

"असं का केलं तुम्ही?"

"तुमी त्यांच्या म्होरं कशापायी बोलला?" ती म्हणाली. "डॉक्टरला काय वाटलं आसंल. पैलाच दिस आन मी कुरकुर करती." मग तिने डोळे मिटले, आणि डाव्या हाताने खाटेचा दांडा धरला. हळूहळू तो दांडा वाजायला लागला.

दुपार चढली तशी तिची बोटं अजून फुगली. करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट ती आता डॉक्टरांसाठीसुद्धा हलवू शकली नसती. मी टाचणीचं टोक लावलं, तिला कळलं नाही. ड्यूटीवरचे छोटे डॉक्टर लग्नासाठी गावी गेले होते. मोठ्या सिस्टर डबा घेऊन आतल्या खोलीत बसल्या होत्या. काउंटरवर फोन होता, भिंतीवर नंबर होता.

मी किती घाबरले होते ते सांगायला हवं, कारण आता लोक म्हणतात तू मुळातच धीट आहेस.  नंबर लावला आणि कट केला. पुन्हा लावला. नारायणगावच्या थिएटरमधल्या कोणीतरी उचलला. "सर ऑपरेशनला उभे आहेत. स्पीकरवर टाकतो, बोला."

म्हणजे तिथले सगळेच ऐकणार होते.

"कोण?" डॉक्टरांचा आवाज आला.

मी नाव सांगितलं. त्यांना नावावरून कळलं नाही. "इंग्लिश मीडियम," मी म्हणाले. मागे कोणीतरी हसलं.

"बोला. पेशंट काय म्हणतोय?"

"पेशंट बरं आहे म्हणतायत, सर."

आता दोघे-तिघे हसले. "मग फोन कशाला केला?"

आणि मग मला काय झालं माहीत नाही. पाठ केलेलं काहीच उरलं नव्हतं, म्हणून दिसत होतं तेच सांगितलं. "त्या काय म्हणतात ते सोडा, सर. मी काय बघतेय ते सांगते. बोटं दुप्पट झालीत. नख दाबलं तर पांढरंच राहतंय. शेवटच्या दोन बोटांना टाचणी कळत नाही. बोट सरळ केलं की खाट हलते. इंजेक्शनचा उपयोग झालेला नाही. प्लास्टर कापू का? हो म्हणा किंवा नाही म्हणा, पण काहीतरी सांगा."

तिकडे कोणी हसलं नाही. 

"कापा," डॉक्टर म्हणाले. "पूर्ण. आतल्या कापसापर्यंत. मी हे आटोपून निघतो."

मी फोन ठेवला. मला वाटलं, झालं. एवढंच तर होतं. इतकी वर्षं ज्याला भ्यायले ते एवढंच होतं.

प्लास्टर कापायची करवत घेऊन मी वॉर्डात गेले तेव्हा दीर खाटेसमोर आडवा उभा राहिला.

"काय करताय?"

"डॉक्टरांनी प्लास्टर कापायला सांगितलंय."

"डॉक्टरनी सकाळी घातलं आन दुपारी काप म्हनले? आसं कसं म्हनत्याल ते?"

"फोनवर आत्ताच बोलले."

"मंग माज्यासंगं बोलू द्या."

मी परत फोन लावला. कोणी उचलला नाही. एव्हाना मोठ्या सिस्टर आवाज ऐकून बाहेर आल्या होत्या. "सर बोलले? तुझ्याशी?" त्यांनी विचारलं. त्यांचा चेहरा मी बघत होते. माझं बोलणं त्यांना खोटं वाटलं नव्हतं. पण फोन माझ्या हातून गेला होता, त्यांच्या नाही.

"सिस्टर, तुम्ही सांगा यांना," मी म्हणाले.

"नातेवाईक नको म्हणतायत," त्या म्हणाल्या. "हाड हललं तर उद्या कोणाच्या नावावर? सर येऊ देत."

मी बाईकडे वळले. खाली वाकून तिला सांगितलं, की वेळ गेली तर बोटं जातील. तिने ऐकलं. तिला कळलं होतं, हे मी शपथेवर सांगेन. तिने प्लास्टरचा हात डाव्या हाताने छातीशी ओढून घेतला.

"नगं ताई. ज्यानी घातलंय त्यांनाच काढू द्या. दुसऱ्याचा हात नगं लागाया."

"ऐकलं ना?" दीर म्हणाला. "आवो म्याडम, तुमाला हौस आली आसंल करवत चालवायची. हिच्या हातावर नगं."

करवत माझ्या हातात होती. मला ती चालवता येत होती. पण पेशंट नको म्हणत असताना तिच्या हाताला हात लावायचा मला अधिकार नव्हता. मी तिथेच उभी राहिले. बाहेर हायवेवर बटाट्याचे ट्रक एकामागे एक अडकले होते, हॉर्न वाजत होते, आणि त्याच गर्दीत कुठेतरी डॉक्टरांची गाडी असणार होती.

डॉक्टर आले ते थेट खाटेपाशी. बोटं बघितली आणि माझ्याकडे वळून जोरात म्हणाले, "कापा म्हणून सांगितलं होतं ना? अजून तसंच?" मोठ्या सिस्टर जमिनीकडे बघत होत्या. दीर जागच्या जागी उभा होता. मीच म्हणाले, "त्यांनी कापू दिलं नाही, सर."

"तुम्हाला नीट सांगता आलं नाही," डॉक्टर म्हणाले.

त्यांनी स्वतः प्लास्टर कापलं, रागाने, भरभर. तिला आत घेतलं, हातावर लांब चिरा देऊन दाब मोकळा केला. हात वाचला. अंगठा आणि पहिली दोन बोटं परत आली. करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट तळव्याकडे वळून बसलं ते बसलंच.

दोन-तीन दिवसांनी मी ड्रेसिंगची गाडी घेऊन गेले, तर बाईने हात पदराखाली घेतला. "दुसऱ्या सिस्टरला पाठवा," ती भिंतीकडे बघून म्हणाली.

कारण मला चहाच्या टपरीवर कळलं. दीर पाठमोरा बसून दुसऱ्या एका नातेवाइकाला सांगत होता. "समदं ब्येस झालं व्हतं. डॉक्टरनी हाड आसं बसवलं व्हतं, फोटू हाय माज्याकडं. पर ती नवी पोरगी. सारखी त्यांच्या मागं लागली, फोन काय, बोलणं काय. देवमानूस ऑपरेशन सोडून आला, डोकं फिरलेलं. रागाच्या हातानं कापलं त्यांनी. रागाच्या हाताला कुठं गुण आसतो? दोन बोटं त्या पोरीनं खाल्ली."

त्याने वळून मला बघितलं. लाजला नाही. "घ्या च्या, म्याडम," तो म्हणाला.

मी चहा घेतला नाही. पण काही बोललेही नाही. ज्याच्याशी बोलायला मी इतके महिने भीत होते त्याच्याशी बोलून झालं होतं. याच्याशी काय बोलायचं ते कोणत्या कॉलेजात शिकवतात मला माहीत नाही. वॉर्डात ती गोष्ट पसरली. डॉक्टरांच्या कानावरही गेली असणार. त्यांनी ती खोडून काढली नाही. नातेवाइकांना ते एवढंच म्हणाले, "वेळेवर आलो म्हणून हात राहिला," आणि नातेवाइकांनी त्यांच्या पायाला हात लावला.

एकदा जिन्यात, आजूबाजूला कोणी नसताना, ते माझ्याजवळून जाताना म्हणाले, "बाय द वे. यू वेअर राइट दॅट डे." जिन्यात. इंग्रजीत. मी "येस सर" म्हणाले.

पुढच्या आठवड्यापासून राउंडची पद्धत बदलली. डॉक्टर खाटेपाशी आले की आधी माझ्याकडे बघत, "सिस्टर, काय?" म्हणत, आणि मग पेशंटला विचारत. का ते त्यांनी कोणाला सांगितलं नाही. मोठ्या सिस्टर माझ्याशी कामापुरतं बोलू लागल्या. इंग्लिश मीडियम म्हणायचं सगळ्यांनी बंद केलं; मला ते नाव आवडत नव्हतं, पण त्यात निदान चेष्टा होती. आता नवीन मुली येतात, कपड्यांच्या खोलीत वाक्यं पुटपुटतात, मला विचारतात डॉक्टरांची भीती कशी घालवली. मी सांगते, पेशंट काय म्हणतो ते सांगू नका, तुम्ही काय बघितलं ते सांगा. बाकीचं सांगत नाही. भीती गेल्यावर तिच्या जागी काय येतं ते त्यांचं त्यांना कळेल.

ती बाई शेवटची आली तेव्हा आभाळ भरून येत होतं, डोंगराकडे रोपं टाकून झाली होती. लावणी तोंडावर होती. ओपीडीत डॉक्टरांच्या टेबलाशेजारी मी उभी होते. हाड जुळलं होतं. डॉक्टरांचा फोन वाजत होता. तो बंद करत त्यांनी विचारलं, "काय ताई, कसं काय?"

तिने उजवा हात मांडीवर, डाव्या हाताखाली ठेवला होता. ती तेच हसू हसली.

"बरं हाय, डॉक्टर."

"वा," ते म्हणाले, आणि दुसऱ्या पेशंटच्या एक्स-रेकडे हात नेला. तेवढ्यात त्यांना सवय आठवली आणि त्यांनी माझ्याकडे बघितलं.

मी काही पाठ केलेलं नव्हतं. 

"नाही, सर. दोन बोटं सरळ होत नाहीत. पकडीत जोर नाही. रोपाची जुडी धरता येणार नाही त्यांना."

डॉक्टरांनी हात पुढे केला. तिला तो टेबलावर ठेवावा लागला. त्यांनी ती बोटं उघडायचा प्रयत्न केला, ती उघडली नाहीत. ते म्हणाले, रोज व्यायाम घ्यायला यावं लागेल, नाहीतर पुण्याला दुसरं ऑपरेशन. अजून वेळ गेलेली नाही, काहीतरी सुधारेल.

दीर माझ्याकडे बघत होता. "झालं ह्यांचं पुन्यांदा सुरू," तो म्हणाला, आणि मग डॉक्टरांना, हात जोडून, "न्हाई डॉक्टर, तुमच्या कृपेनं लई बरं हाय. चालतंय तिला."

बाईने हात टेबलावरून उचलला आणि पदराखाली नेला. जाताना ती माझ्यासमोर थांबली.  तिने फक्त बघितलं. शाळेत जिने मला चिमटा काढून पुठ्ठा माझ्या गळ्यात घातला होता, तिच्याकडे मी तसं बघितलं होतं.

मग दोघं गेली. व्यायामाला ती आली नाही. त्यांच्या गावाला जाणारी एसटी दवाखान्यासमोरूनच जाते. गाडी दिसली की खिडकीत ती बसलीय का ते मी बघते, आणि पुढच्या पेशंटचं नाव पुकारते.